भूल आणि भय

शस्त्रवैद्यकाच्या कोशात ज्या क्रियेला 'संज्ञाहरण' असे भारदस्त नाव आहे, तिला मराठी माणूस घरात, दवाखान्याच्या बाकावर आणि एस.टी.च्या प्रवासात 'भूल' एवढेच म्हणतो. आणि भूल म्हणजे आपल्या भाषेत चूकही, विस्मरणही आणि मोहिनीही. रानातली भूलवेल ओलांडली की जाणत्या गुराख्यालासुद्धा घरची वाट सापडत नाही, अशी समजूत सह्याद्रीच्या खेड्यापाड्यांतून अद्याप ऐकू येते. ज्याच्या खुब्याचा सांधा उद्या-परवा बदलायचा आहे, त्याच्या कानी हा शब्द पडला म्हणजे त्यातले तिन्ही अर्थ एकदम जागे होतात, आणि आपण त्या वेलीपाशीच उभे आहोत, पलीकडे गेल्यावर परतीची वाट आपल्या स्वाधीन राहणार नाही, असे त्याला वाटू लागते.

हे मी ऐकीव ज्ञानावर लिहीत नाही. माझा उजवा खुबा झिजला आहे आणि गेली दोन वर्षे मी काठी घेऊन चालतो आहे. आधी मांडी घालून जेवायला बसणे सुटले, मग पायमोजा चढवणे सुटले, आणि गेल्या दिवाळीत स्वतःच्या घराचा उंबरा ओलांडताना चौकट धरून उभे राहावे लागले तेव्हा शस्त्रक्रियेची तजवीज करणे भाग पडले. शस्त्रवैद्यांनी कृत्रिम सांधा माझ्या हातात ठेवला. तो थंडगार, गुळगुळीत, मोठ्या गोटीएवढा गोळा पाहून भय वाटले नाही, आणि हाड करवतीने कापणार हे ऐकूनही, का कोण जाणे, फारसे वाटले नाही. भय वाटले ते संमतिपत्रावरील एका ओळीचे, जिथे 'पूर्ण भूल' आणि 'मणक्यातील भूल' अशा दोन चौकटी छापल्या होत्या. शेजारच्या काकूंनी लगोलग बजावले की पाठीत सुई मुळीच घेऊ नका, त्यांच्या धाकट्या जावेची कंबर सिझरच्या वेळेपासून धरली आहे ती आजतागायत. आणि माझ्या एका स्नेह्याने तितक्याच आत्मीयतेने सांगितले की पूर्ण भूल घेऊ नका, या वयात माणूस उठतो, पण पुरता उठत नाही. दोन्ही पक्षांच्या कैफियती ऐकून घेतल्यावर, निवाड्याचा अधिकार नसलेल्या पण पुस्तके असलेल्या माणसाने जे करायचे ते मी केले, आणि जुने दप्तर सोडून बसलो.

त्या दप्तरातला सर्वांत जुना कागद सुश्रुताचा. शस्त्रकर्मापूर्वी रोग्याला जेवू घालावे, कारण अन्नाच्या बळाने त्याला मूर्च्छा येत नाही, आणि मद्याची सवय असलेल्याला तीक्ष्ण मद्य पाजावे, कारण मत्त माणसाला शस्त्र कळत नाही, अशी सुश्रुतसंहितेची आज्ञा आहे. मूढगर्भ, अश्मरी, अर्श, भगंदर, मुखरोग अशा मोजक्या विकारांतच तिने उपाशीपोटी शस्त्र चालवायला सांगितले आहे. पुढे बल्लाळाच्या 'भोजप्रबंधा'त दोन वैद्य भोजराजाला मोहचूर्णाने बेशुद्ध करून त्याचे कपाल उघडतात आणि काम झाल्यावर त्याला संजीवनीने जागे करतात. ही दंतकथा आहे, रुग्णालयातील नोंद नव्हे. परंतु कथाकाराला मोहचूर्णाइतकीच संजीवनीचीही गरज वाटली, ही गोष्ट मला मोठी अर्थपूर्ण वाटते. निजवणारा पुष्कळांना परवडतो, ज्याची चौकशी आधी करायची तो उठवणारा.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने ईथर हुंगवले आणि जॉन कॉलिन्स वॉरन यांनी एका तरुणाच्या जबड्याखालची गाठ काढली. पुढील मार्चमध्ये ईथर कलकत्त्यास पोचले. आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म पुढे आणले. ही हकीकत प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे, तिचा विस्तार करण्याचे कारण नाही. पाठ्यपुस्तके जिच्यावरून घाईने पुढे जातात, तिच्यापाशी मात्र थोडे थांबले पाहिजे. ती हॅना ग्रीनर, इंग्लंडात न्यूकॅसलजवळच्या विनलेटन गावची पंधरा वर्षांची मुलगी. तिच्या पायाच्या अंगठ्याचे नख काढायचे होते, एवढेच. काही महिन्यांपूर्वी अशाच कामासाठी तिने ईथर घेतले होते आणि ती सुखरूप उठली होती. परंतु या खेपेस आदल्या दिवसापासूनच तिच्या जिवाला घोर लागला होता, आणि २८ जानेवारी १८४८ रोजी खुर्चीत बसवताना ती हुंदके देत होती. रुमालावर चमचाभर क्लोरोफॉर्म ओतून तो तिच्या नाकाशी धरला. थोड्याच वेळात नख निघाले, आणि तीनएक मिनिटांत मुलगी गेली. क्लोरोफॉर्मचा हा नोंदला गेलेला पहिला बळी. ज्या औषधाने शस्त्राचे भय घालवले होते, त्याचेच भय त्या दिवसापासून जगाला लागले.

तिला क्लोरोफॉर्मने मारले की भयाने, हा वाद मग साठ वर्षे चालला. औषधाचा कैवार घेणाऱ्यांना भयाचे निमित्त सोयीचे होते, कारण भयावर खटला भरता येत नाही. जॉन स्नो यांनी ७ एप्रिल १८५३ रोजी राणी व्हिक्टोरियाला प्रसूतीच्या वेळी क्लोरोफॉर्म दिले, तेव्हा समाजात त्या औषधाची प्रतिष्ठा वाढली. मृत्यू मात्र थांबले नाहीत. अखेर हा मुकदमा आपल्या शेजारी, निजामाच्या हैदराबादेत येऊन दाखल झाला. तेथील वैद्यकीय शाळेचे प्रमुख एडवर्ड लॉरी यांच्या शिफारशीवरून निजाम महबूब अली खान यांनी १८८८ आणि १८८९ अशी दोनदा चौकशी मंजूर केली, आणि दुसऱ्या खेपेस लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने आपला प्रतिनिधी म्हणून लॉडर ब्रंटन यांना धाडावे यासाठी हजार पौंडांचा खर्चही दरबाराने सोसला. मराठवाड्याचा शेतसारा याच खजिन्यात जमा होत असे, तेव्हा जगाला भूल कशी द्यावी या प्रश्नाच्या सोडवणुकीत परभणीच्या आणि बीडच्या कुणब्याचाही नकळत वाटा आहे, असे म्हणायला हरकत नाही. या चौकशीत शेकडो कुत्री आणि माकडे खर्ची पडली. लॉरी यांच्या हाताखाली शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी या पारशी बाई याच सुमारास तेथील रुग्णालयात क्लोरोफॉर्म देऊ लागल्या होत्या. जगातील आरंभीच्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते. चौकशीचा निष्कर्ष असा निघाला की आधी श्वास थांबतो, हृदय मागाहून. म्हणून नाडीकडे पाहू नका, श्वासाकडे पाहा, म्हणजे धोका नाही.

निष्कर्ष छातीठोक होता आणि चूक होता. १९११ साली लंडनच्या गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर प्रयोग करून दाखवले की क्लोरोफॉर्मची भूल अर्धवट असताना शरीरात ॲड्रिनॅलिन उसळले, तर हृदयाचे तंतू एका तालात आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहतात, आणि नाडी श्वासाच्या आधी बुडते. ॲड्रिनॅलिन म्हणजे घाबरलेल्या प्राण्याच्या रक्तात धावणारे द्रव्य. साठ वर्षे भांडणारे दोन्ही पक्ष अर्धे अर्धे खरे होते, हे त्यातून उघड झाले. हॅनाला केवळ औषधाने मारले नसावे आणि केवळ भयानेही मारले नसावे, दोघे एकाच वेळी येऊन भेटले असावेत. रोग्याचे भय हा त्याचा खाजगी दुबळेपणा आहे, ही समजूत तेव्हापासून टिकाव धरू नये अशी होती. ती टिकली, हा भाग वेगळा.

पुण्याच्या ससून रुग्णालयात १२ जानेवारी १९२४ च्या रात्री जे घडले ते या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखे आहे. येरवड्याचे कैदी मोहनदास गांधी यांना आंत्रपुच्छाचा दाह झाल्यामुळे तेथे हलवले होते, आणि सिव्हिल सर्जन कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया त्याच रात्री केली पाहिजे असा निर्णय दिला होता. रुग्णाच्या विश्वासातले डॉक्टर मुंबईहून वेळेत येऊ शकत नव्हते. इंग्रज शस्त्रवैद्याच्या हाताखाली, इंग्रजांच्या कैदेत, गांधींचे काही बरेवाईट झाले असते तर देशात काय उसळले असते याची कल्पना खाटेवरच्या माणसाला आणि खाटेशेजारच्या माणसाला सारखीच होती. म्हणून नेमस्त पुढारी श्रीनिवास शास्त्री यांना बोलावून घेऊन, आपण या शस्त्रक्रियेस राजीखुशीने मान्यता देत आहोत आणि मॅडॉक यांनी आपल्याला ममतेने वागवले आहे, अशा अर्थाचे निवेदन गांधींनी सांगितले आणि त्यावर सही केली. सही करताना हात कापू लागला; तो कसा कापतो आहे हे त्यांनी स्वतःच हसत मॅडॉक यांना दाखवले, आणि त्या इंग्रजाने, तुमच्या अंगात आम्ही भरपूर शक्ती घालू, अशा आशयाचे उत्तर दिले. मग डॉ. दाते यांनी क्लोरोफॉर्म दिले. बाहेर वादळ होते. मध्येच वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात झाले.

त्या रात्री रुग्णापुढे चौकटी नव्हत्या. कोणती भूल, हा प्रश्न त्याला कोणी विचारला नाही, आणि कोणाच्या हातून, हे ठरवायलाही फारसा वाव नव्हता. जे शिल्लक होते ते समोरच्या माणसाला आपला कापणारा हात दाखवणे आणि त्याने काय उत्तर दिले ते ऐकणे. माझ्या मते त्या रात्रीचे अर्धे औषध त्या दोन वाक्यांत होते.

आता दुसऱ्या चौकटीकडे येतो. मणक्यातील भुलीचा जन्मच मुळी एका घाबरलेल्या रोग्यामुळे झाला, हे मला ठाऊक नव्हते. जर्मनीतील कील येथे ऑगस्ट बीअर यांच्याकडे ३४ वर्षांचा एक मजूर आला; घोटा क्षयाने पोखरलेला, पूर्वी अनेकदा शस्त्रक्रिया झालेल्या, आणि प्रत्येक वेळी पूर्ण भुलीने त्याचे इतके हाल झालेले की ती पुन्हा नको म्हणून तो अडून बसला. तेव्हा बीअर यांनी १६ ऑगस्ट १८९८ रोजी त्याच्या मणक्यातील पाण्यात थोडेसे कोकेन सोडले आणि कमरेखालच्या वेदना नाहीशा झाल्या. मजूर जागा राहिला; मात्र नंतर त्याला ओकाऱ्या झाल्या आणि डोके भयंकर दुखले. असे का व्हावे हे पाहण्यासाठी आठवड्याभराने बीअर यांनी आपला मदतनीस हिल्डेब्रांट याला आपल्याच पाठीत सुई घालायला सांगितले. पिचकारी सुईला बसेना, मणक्यातील पाणी वाहून गेले, आणि भूल काही मिळाली नाही. मग हिल्डेब्रांट पालथा झाला. त्याला सुई बरोबर लागली, आणि त्यानंतर गुरूने शिष्याच्या नडगीवर लोखंडी हातोडा मारला, पेटता सिगार टेकवला, केस उपटले, आणि शिष्याने काही कळत नाही असे सांगितले. यशाच्या आनंदात दोघांनी दारू प्यायली, सिगार ओढले. दुसऱ्या दिवसापासून बीअर जे आडवे झाले ते नऊ दिवस, कारण उभे राहिले की डोके फुटू पाही. आणि हिल्डेब्रांटच्या नडग्या काळ्यानिळ्या झाल्या होत्या. विज्ञानाचा इतिहास लिहिणारे हा प्रसंग गंभीर चेहऱ्याने सांगतात, ते त्यांना कसे जमते हे मला कळत नाही.

परंतु शेजारच्या काकूंच्या कैफियतीत जे खरे भय आहे, त्याची मुळे अधिक काळोखी आहेत. १३ ऑक्टोबर १९४७ रोजी इंग्लंडातील चेस्टरफील्ड येथे वूली आणि रो या दोन कामगारांना एकाच दिवशी, एकाच भूलतज्ज्ञाकडून मणक्यातील भूल मिळाली. एकाचे काम अंडवृद्धीचे, दुसऱ्याचे गुडघ्याच्या कूर्चेचे, दोन्ही किरकोळ. दोघेही कमरेखाली कायमचे लुळे झाले. फिर्याद १९५३ साली उभी राहिली. औषधाच्या काचेच्या कुप्या फिनॉलमध्ये बुडवून ठेवलेल्या असत, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरांतून ते विष आत झिरपले असावे, असा खुलासा तज्ज्ञांनी केला. १९५४ साली वरिष्ठ न्यायालयाने सांगितले की १९४७ च्या अपघाताकडे १९५४ चा चष्मा लावून पाहता येणार नाही, आणि दोघांना काही मिळाले नाही. पुढे काही संशोधकांनी फिनॉलऐवजी, उकळण्याच्या भांड्यात साफसफाईनंतर राहिलेल्या आम्लाला दोष दिला. कारण काहीही असो, ब्रिटनमध्ये मणक्यातील भूल त्या निकालानंतर कित्येक वर्षे जवळजवळ वाळीत पडली, आणि भीती मात्र, कुप्या आणि फिनॉल दोन्ही विसरली जाऊन, नुसती 'पाठीत सुई' एवढ्या रूपाने देशोदेशी फिरत राहिली.

ज्या शस्त्रक्रियेसाठी हा सारा विचार, ती स्वतः या गोष्टींच्या मानाने पोरसवदा आहे. लँकाशायरमधील राइटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्न्ली यांनी १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस टेफ्लॉनच्या वाट्या खुब्यांत बसवल्या. जवळजवळ तीनशे रुग्णांवर हा प्रयोग झाल्यावर कळले की टेफ्लॉन वर्षा-दोन वर्षांत झिजते आणि त्याचा चुरा आसपासचे मांस बिघडवतो. त्या चुऱ्याचा परिणाम पाहण्यासाठी चार्न्ली यांनी तो स्वतःच्या मांडीत घालून घेतला. मग १९६२ साली कठीण पॉलिएथिलीनची वाटी आली आणि तिने टिकाव धरला. आज जगभर बसतात ते सांधे तिचेच वंशज. चार्न्ली यांच्या अनेक रुग्णांनी आपल्या मृत्यूनंतर तो सांधा अभ्यासासाठी परत देण्याचे वचन दिले होते आणि ते पाळले गेले. डॉक्टर आपल्या मांडीत चुरा घालून घेतो आणि रोगी आपला खुबा मरणोत्तर परत करतो, असा व्यवहार फार थोड्या धंद्यांत पाहायला मिळेल.

आज संध्याकाळी भूलतज्ज्ञ बाई खोलीत आल्या. वयाने माझ्या मुलीहून लहान. खुर्ची ओढून खाटेशी बसल्या, कागद बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "काका, तुम्हाला नक्की कशाची भीती वाटते?" मी म्हटले, हातोड्याच्या आवाजाची. जागा राहून स्वतःच्या हाडावर पडणारे घाव ऐकायचे, हे मला सोसणार नाही. त्या म्हणाल्या, आवाज येतो, खोटे सांगत नाही. पण कानांवर गाणे लावू, आणि वर थोडे गुंगीचे औषध देऊ, हाक मारली तर ओ द्याल इतपतच. मग त्यांनी मला उशी पोटाशी धरून, पाठ बाकदार करून, मांजर अंग ताणते तसे बसून दाखवायला सांगितले. उद्या असेच बसायचे. स्पिरिट थंड लागेल, मुंगी चावल्यासारखे होईल, पाय आधी गरम आणि मग जड वाटतील, ते आपले नाहीतच असे वाटेल, आणि तीन-चार तासांनी परत येतील. बीअर यांच्या सुईने डोके नऊ दिवस दुखले, कारण ती जाड होती आणि पाणी पुष्कळ गळले. पेन्सिलीच्या टोकासारखी सुई १९५१ साली आली, ती तंतूंना कापत नाही, बाजूला सारते, आणि आताच्या सुया केसासारख्या बारीक असतात. काकूंच्या जावेची कंबर? त्या हसल्या; बाळंतपण, रात्रीची जागरणे आणि कडेवरचे मूल यांनी धरलेल्या कमरेचा दोष सुईच्या माथी जातो, असे त्यांचे मत.

मी त्यांना विचारले की दोहोंपैकी चांगली कोणती. त्यांनी सांगितले ते मी आधी वाचले होते, तरी त्यांच्या तोंडून ऐकायला बरे वाटले. खुबा मोडलेल्या १,६०० वृद्धांवर अमेरिका आणि कॅनडा येथे झालेल्या चाचणीचा निकाल २०२१ साली प्रसिद्ध झाला; साठ दिवसांनी मृत्यू आलेले किंवा चालू न शकणारे लोक मणक्यातील भुलीत शेकडा १८.५ आणि पूर्ण भुलीत १८ निघाले, म्हणजे फरक नाही. माझा खुबा मोडलेला नसून झिजलेला आहे, तेव्हा तो निकाल मला जसाच्या तसा लागू नाही, हेही त्यांनी सांगितले; मणक्यातील भुलीत रक्तदाब थोडा उतरतो, रक्त कमी जाते, आणि जाग आल्यावरची मळमळ टळते, एवढ्यासाठी आपला कल तिकडे आहे, पण निवड तुमची, असे म्हणून त्या गप्प राहिल्या.

बाईंना ठाऊक असो वा नसो, त्या खुर्चीवर बसून त्यांनी जे केले त्याचेही मोजमाप झालेले आहे, आणि ते ज्या बोस्टनच्या रुग्णालयात मॉर्टनने ईथर हुंगवले, तेथेच झाले. लॉरेन्स एगबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली दाखवले की शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञ येऊन बोलून गेला, तर झोपेच्या औषधाच्या टोचणीपेक्षा रोगी अधिक शांत असतो. पुढच्या वर्षी त्यांनी पोटाच्या शस्त्रक्रियेचे ९७ रोगी घेतले. काहींना कुठे, किती आणि किती वेळ दुखेल, कुशीवर कसे वळायचे, श्वास कसा घ्यायचा हे समजावून सांगितले, बाकीच्यांना नाही. ज्यांना सांगितले त्यांना वेदनाशामक अफूजन्य औषध सुमारे निम्मेच लागले आणि ते सरासरी अडीच दिवसांहून अधिक लवकर घरी गेले. शस्त्रवैद्यांना कोण कोणत्या गटातला हे माहीत नव्हते. भुलीच्या पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासात मला याहून मोठा शोध ईथर सोडून दुसरा दिसत नाही, आणि याला रसायनशाळा लागत नाही, हेच बहुधा त्याच्या उपेक्षेचे कारण असावे.

मी मणक्यातील भुलीच्या चौकटीत खूण करून सही केली आहे. अक्षर नेहमीपेक्षा थोडे वाकडे आले, ते मी बाईंना दाखवले. शस्त्रक्रिया सकाळी आठ वाजता आहे. रात्री दहानंतर अन्न वर्ज्य, पाणी मात्र सहापर्यंत घोट घोट चालेल, असे परिचारिका सांगून गेली आहे. सुश्रुताला हे पसंत पडले नसते.